आधी घोडा उभा कर

घोडा पळवता येतो हे मला सांगू नकोस. पळणं त्याच्या रक्तातच आहे. वाऱ्यानं पत्रा वाजला तरी तो पळतो, त्यात तुझं कर्तृत्व शून्य. तू तो उभा करून दाखव. गाडीला जुंपलेला आहे, लगाम सैल आहे, तू बैठकीवर आहेस, शेजारून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या खडखडवत गेला, आणि घोड्यानं कान फिरवले पण पाय उचलला नाही, एवढं मला एकदा बघू दे. त्या दिवशी स्पर्धेचा विषय काढ. तोवर माझ्या अंगणात तो शब्द नको.

काल मोठ्या हौसेनं व्हिडिओ दाखवलास. पालखी महामार्गाच्या काँक्रीटवर गाडी भरधाव, दोन्ही अंगांना मोटारसायकली, पुढच्या गाडीवर एक जण उलटा बसून शूटिंग करतोय, मागून हॉर्न आणि आरोळ्या. तुला वाटलं वस्ताद पाठ थोपटतील. मी घोड्याचं तोंड बघत होतो. जबडा वासलेला, जीभ एका कडेनं बाहेर, मान आभाळाकडं ताणलेली, डोळ्यातला पांढरा भाग दिसतोय. तुझ्या हातातून सुटायला तो जीव तोडून धावत होता आणि तू त्याला वेग म्हणत होतास. तीनशे पोरांनी खाली बदाम टाकले म्हणून त्या जनावराची वेदना कमी झाली का? त्यातल्या एकानं तरी विचारलं का, की हे घोडं तोंड एवढं का वासतंय?

मग मी लगाम आणायला लावला. तोंडात जाते ती कांब बोटानं चाचपली आणि बोट मागं घेतलं. दोन्ही कडांना खिळ्यासारखे काटे, आणि ओठांच्या कोपऱ्यात जिथं कातडी सगळ्यांत नाजूक, नेमके तिथं टेकणारे. काट्यांच्या मुळाशी तांबूस काहीतरी वाळलं होतं. तू म्हणालास, गंज आहे. गंज बोटाला पूड होऊन लागतो, हे खरवडून काढावं लागलं. वर तुझं उत्तर काय, तर "याच्याशिवाय तो आवरतच नाही." आवरत नाही, कारण तुला आवरायला येत नाही. हाताची कसर तू त्याच्या तोंडात खिळे ठोकून भरून काढलीस. कायदा माहीत नव्हता म्हणू नकोस. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारनं 1965 साली नियम केले, त्यांत काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम, साज, जू वापरायला सरळ मनाई आहे. त्याच नियमांत असंही लिहिलंय की पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जनावर जुंपायचं नाही, सलग पाच तासांच्या वर विसाव्याशिवाय हाकायचं नाही, आणि दिवसभरात मिळून नऊ तासांच्या वर नाहीच. चैत्र-वैशाखात बारामती-इंदापुरात पारा चाळिशी गाठतो. तुझा व्हिडिओ कुठल्या वेळचा ते सावल्याच सांगतात. गाडीची सावली गाडीखालीच पडली आहे.

घोडा घेताना मला विचारलं नाहीस, याचा राग नाही. पैसा तुझ्या वडिलांचा, उसाच्या बिलाचा. पण अकलूजच्या बाजारात जाऊन तू बघितलंस काय? कान बघितलेस, टोकं एकमेकांना भिडतात का. चार पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी, म्हणून भुललास. मानेवर देवमण आहे म्हणून व्यापाऱ्यानं बोट ठेवून दाखवलं आणि तू हात जोडलेस. ट्रॅक्टर घेताना इंजिन न उघडता नुसता रंग बघून बयाणा दिला असतास का? चिन्हं गाडी ओढत नाहीत रे. गाडी ओढतात पाय, खूर, छाती, पाठ आणि काळजी घेतलेलं पोट. पुढचे दोन्ही पाय समोरून सरळ आहेत का, चालताना मागचं पाऊल पुढच्याच्या मागावर पडतं का, टणक जमिनीवर दुडकीनं नेला की मान एका पायावर जास्त खाली जाते का, यातलं एकही तू बघितलं नाहीस. पुढच्या उजव्या पायावर तो थोडा धरून चालतो, हे तुला मी दाखवेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि वय. व्यापारी म्हणाला पाच, तू पाच धरलेस. मी ओठ वर करून दाखवला तेव्हा वर मधले दोन आणि खाली मधले दोन एवढेच पक्के दात होते, बाजूचे सगळे दुधाचे. मधली जोडी अडीच वर्षांच्या आसपास बदलते, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाच वर्षांच्या घोड्याचं तोंड भरलेलं असतं. तुझा घोडा जेमतेम तीनचा आहे. त्याच्या पाठीच्या कण्याची हाडं पुरती जुळायला अजून दोन वर्षांहून जास्त अवकाश आहे, आणि तू त्याला चार माणसं बसवून काँक्रीटवर भरधाव सोडलास. शिंगरू आहे ते अजून. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, ते निदान स्वतःच्या गुडघ्याला बांधतो. तू दुसऱ्याचे गुडघे मोडायला निघालास.

उंच घोड्याचा हा जो सोस आहे ना, तो मला मुळीच कळत नाही. तुझं गाव ज्या टापूत आहे त्याला पिढ्यान्पिढ्या भीमथडी म्हणतात. या मातीतलं तट्टू बसकं, आखूड पाठीचं, कठीण खुरांचं, थोड्या चाऱ्यावर दिवस काढणारं. मराठ्यांच्या फौजा याच्या पाठीवर मुलूख तुडवत गेल्या. राजा बढे यांच्या ज्या गीताला 2023 साली राज्यगीताचा मान मिळाला, त्यात या तट्टाचं नाव आहे. शाळेत दर आठवड्याला तोंडपाठ म्हणत होतास. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं अलीकडे भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. एवढं सगळं दारात असताना तू राजस्थानी कान शोधत फिरलास. गाडी हाकण्याच्या जागतिक स्पर्धांत 148 सेंटीमीटरपर्यंतच्या तट्टांचे वर्ग वेगळे असतात, आणि तिथं उंचीला कोणी गुण देत नाही.

तू स्पर्धा स्पर्धा म्हणतोस, तर ती काय चीज आहे ते नीट ऐक. घोडागाडीच्या या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम पहिल्यांदा बांधले गेले ते प्रिन्स फिलिप जागतिक अश्वक्रीडा महासंघाचे अध्यक्ष असताना. 1964 ते 1986 ते त्या पदावर होते. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1972 साली झाली. मनगट दुखायला लागलं म्हणून त्या माणसानं पन्नाशीत पोलो सोडला, 1971 साली, आणि गाडी हाकायला शिकायला बसला. राणीचा नवरा, पोलोतला कसलेला खेळाडू, आणि तरी पहिल्या इयत्तेपासून सुरुवात. पुढं नव्वदी ओलांडल्यावरही फेल जातीच्या तट्टांची गाडी ते स्वतः हाकत. तू तेवीस वर्षांचा आहेस आणि तुला पहिली इयत्ता नको आहे.

या स्पर्धेचे तीन भाग. पहिल्या भागात चौकोनी मैदानात पंच बसलेले असतात आणि तुला ठरलेल्या चालीत ठरलेल्या आकृत्या काढून दाखवायच्या असतात: साधी चाल, आखडती दुडकी, मोकळी दुडकी, गोल, मध्ये थांबायचं, चार पावलं मागं सरायचं. थांबायचं म्हणजे चारही पाय चौकोनात आणि पुढचा इशारा होईपर्यंत निश्चल. ऐकलंस का? तुझा घोडा लगाम सैल सोडला की दोन श्वासांत पुढं ओढतो. तू पहिल्याच भागात गुण घालवून बसशील. दुसरा भाग लांब पल्ल्याचा. त्यात मैलोनमैल रान, उतार, पाणी, आणि मध्येमध्ये लाकडी ओंडक्यांचे अडथळे, ज्यांत अक्षरं लावलेल्या फाटकांतून त्याच क्रमानं वळणं घेत बाहेर पडायचं. मागच्या पायरीवर तुझा मोतद्दार उभा असतो, वळणाला अंग झोकून गाडीचा तोल राखायला. या भागात मध्ये सक्तीचा थांबा असतो. पशुवैद्य नाडी बघतो, श्वास बघतो, पाय चालवून बघतो, आणि नको म्हणाला की तुझी स्पर्धा तिथंच संपली. तिसऱ्या भागात शंकूंच्या जोड्या मांडलेल्या असतात, प्रत्येक शंकूवर एक चेंडू, आणि दोघांमधली फट तुझ्या चाकांपेक्षा जेमतेम वीत-दीड वीत जास्त. अशा वीसपर्यंत जोड्यांतून ठरल्या वेळेत गाडी काढायची. एक चेंडू पडला की तीन दंडगुण. तिन्ही भागांच्या दंडांची बेरीज करतात आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी तो पहिला. नुसतं जोरात जाण्याचं बक्षीस नाही या खेळात. नेमकेपणाचं आहे.

जत्रेतल्या मैदानात छकड्यांचे गट, सेमी, फायनल बघत तू मोठा झालास, त्यामुळं डोक्यात एकच गोष्ट बसली: धूळ उडाली पाहिजे. बैलगाडा शर्यतीचा दाखला मला देऊ नकोस. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं ती बंद केली, 2017 साली राज्यानं कायदा दुरुस्त केला, डिसेंबर 2021 मध्ये तात्पुरती परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. ते सगळं बैलांसाठी झालं, आणि तेही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्याची तपासणी, हजार मीटरची मर्यादा, चाबूक-काठीला बंदी अशा अटी घालून. घोड्याला भर रस्त्यावर मोटारसायकलींच्या गराड्यात पिटाळायची मुभा त्यात कुठंही नाही. 1960 चा प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा कायदा तुला लागू आहे. त्याच्या अकराव्या कलमात मारणं, ताकदीबाहेर पळवणं, जास्त ओझं घालणं, आजारी किंवा जखमी जनावर कामाला लावणं, सगळं बसतं. आणि ते परवा बोलून गेलास, एका अंगाला घोडा नि एका अंगाला बैल जुंपून बघू म्हणून, ते पुन्हा माझ्या कानावर आलं तर फाटकाच्या आत येऊ नकोस. दोघांची चाल वेगळी, उंची वेगळी, ओढायची जागा वेगळी, एक खांद्यानं ओढतो नि एक छातीनं. त्यात दोघांचाही जीव जातो.

आता परवाची गोष्ट. ती मी सगळ्यांसमोर बोललो नाही, कारण तुझी आई तिथं उभी होती. फेरी मारून आलास, घोडा घामेजलेला, गाडीला तसाच जुंपलेला. त्याला चंदी घालायची घाई झाली म्हणून तू तोंडातला लगाम उतरवलास आणि तोबरा लावायला गेलास. लगामाबरोबर डोळ्यांची झापडंही निघाली. घोड्यानं मान वळवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला दिसलं की आपल्या पाठीशी दोन चाकांचं काहीतरी उभं आहे. तो पुढं सरकला, ते मागं आलं. तो पळाला, तेही पळालं. तुझ्या हातात तोबरा. त्याच्या तोंडात काही नाही, डोक्यावर काही नाही, धरायला काही नाही. डावी दांडी कडुनिंबाला लागून मोडली, चाक ओट्यावर चढलं. त्या ओट्यावर तुझ्या बहिणीची पोरगी पाटी घेऊन बसायची. त्या वेळी ती पाणी प्यायला आत गेली होती. एवढ्यानं वाचलं. तू हसून म्हणालास, घोडं बिथरलं. बिथरवलंस तू.

म्हणून एकदा कायमचं लिहून ठेव. जुंपताना आधी डोक्यावरचा साज आणि लगाम, मग गाडी. सोडताना आधी गाडी, सगळ्यांत शेवटी लगाम. गाडी घोड्याच्या अंगाला असेपर्यंत त्याच्या तोंडातून लगाम निघत नाही, जगबुडी झाली तरी नाही. हाकणारा आधी लगाम हातात घेतो, मग पायरीवर पाय ठेवतो. बाकीची माणसं त्याच्यानंतर चढतात. उतरताना सगळे आधी, हाकणारा शेवटी. जुंपताना आणि सोडताना एक माणूस घोड्याच्या तोंडाशी उभा पाहिजे, मोबाइल खिशात ठेवून. आणि एकट्यानं जुंपायचं नाही, तुझा हात बसेपर्यंत तर नाहीच. या नियमांमागं कोणाची तरी मोडलेली हाडं आहेत. तुला कंटाळवाणे वाटतात कारण तुझी अजून शाबूत आहेत.

शिकवायचा क्रमही तू उलटा धरलास. बाजारातून आणला आणि महिना भरायच्या आत जुंपला. पी हळद नि हो गोरी. आधी त्याला म्होरकीवर चालायला, थांबायला, मागं सरायला शिकवायचं. मग लांब दोरीवर दोन्ही हातांना गोल फिरवायचा, नुसत्या आवाजावर चाल बदलेपर्यंत. गाडीवर तुझे पाय त्याच्या बरगड्यांना लागत नाहीत, हे कधी डोक्यात आलं का? स्वाराकडं मांड असते, गाडीवानाकडं फक्त आवाज, लगाम आणि चाबूक. त्यात आवाज पहिला. तू चाल, थांब, मागं, हळू हे चार शब्द रोज वेगवेगळ्या सुरात ओरडतोस, त्यानं समजायचं काय? त्यानंतर दोन लांब लगाम लावून त्याच्या मागं पायी चालत हाकायचा. माळावर, बांधावरून, वस्तीतून, कुत्री भुंकताना. आठवडेच्या आठवडे. मग अंगावर साज, पोटाखाली तंग, शेपटीखाली दुमची, एकेक पट्टा, एकेका दिवशी. मग मागं जुना टायर ओढायला लावायचा, आवाजाची सवय व्हायला. मग दोन बांबू दोन्ही कुशींना लावून वळवायचा, कारण दांड्या कुशीला लागल्या की न शिकलेलं घोडं लाथ घालतं. आणि मग एके दिवशी रिकामी गाडी, दोन जाणते हात दोन्ही बाजूंना. चाबूक असतो, पण खांद्यापाशी हलकेच टेकवायला. पुठ्ठ्यावर मारलास की तू त्याला लाथ मारायलाच शिकवतोस, आणि तेच तू गेला महिनाभर करतो आहेस.

उभा राहणारा घोडा कसा असतो ते बघायला परदेशात जायची गरज नाही. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन वाटेला लागलेला एखादा धनगराचा वाडा गाठ. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार लादलेला असतो. तंबू, भांडी, जाळी, वर बांधलेली कोंबडी, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. बाई ओझं बांधत असते, दोरी त्याच्या पोटाखालून ओढते, कुत्रं पायांतून जातं, पोरं शेपटीपाशी खेळतात, आणि ते तट्टू कान सैल सोडून उभं. त्याला कोणी काटेरी लगाम घातलेला नाही. बऱ्याचदा लगामच नसतो. ती बाई तुझ्यासारखी आरडाओरडा करत नाही. एक शब्द, तोच शब्द, त्याच सुरात, वर्षानुवर्षं. तिच्याकडून शिकायला तुला लाज वाटत असेल तर हा नाद सोडून दे.

आषाढात बेलवाडीला तुकोबारायांच्या पालखीचं गोल रिंगण होतं, दरवर्षी बघतोस. लाखो माणसं, टाळ-मृदंगाचा गजर, वरून ऊन, आणि मधल्या मोकळ्या गोलात अश्व धावतात. एकावर झेंडेकरी स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कोणी नाही, कारण तो देवाचा. तू त्याची धाव बघतोस आणि खुरांखालची माती कपाळाला लावायला धावतोस. मी सांगतो काय बघायचं. धाव सुरू व्हायच्या आधी तो किती वेळ त्या गर्दीत उभा होता ते बघ. धाव संपल्यावर किती पावलांत थांबला ते बघ.

आता खाणं. वडील म्हणतात, पोरगं घोड्याला काही कमी करत नाही. तेच तर चुकतंय. सकाळी पाटीभर गव्हाचा कोंडा, संध्याकाळी पुन्हा कोंडा, वर गूळ, वर भिजवलेला हरभरा, आणि गळिताच्या दिवसांत उसाचं वाढं. नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याच्या अंगात फॉस्फरस वाढतो आणि शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. पुढं जबड्याची हाडं फुगतात, पाय दुखरे होतात. घोड्याला ओकता येत नाही. पोटात जे गेलं ते पुढंच जायला हवं, नाहीतर पोटशूळ, आणि पोटशुळानं घोडं एका रात्रीत जातं. त्याचं खरं अन्न वैरण आहे. चांगला कोरडा कडबा, गवत, थोडा लसूणघास, दिवसभर थोडं थोडं. चंदी कामाच्या मानानं, आणि काम वाढवण्याआधी चंदी वाढवायची नाही. बुरशी लागलेली वैरण गुरांपुढंही टाकू नकोस, घोड्यापुढं तर नाहीच. खडामीठ चाटायला ठेव. पाणी स्वच्छ आणि कायम समोर.

खुरांचं तर बोलायलाच नको. पाच-सहा आठवड्यांनी नालबंद यायला हवा. तू आणल्यापासून एकदाही बोलावला नाहीस. पुढचे नाल झिजून टाचेकडं सरकलेत, खूर नालाच्या बाहेर वाढलाय, आणि त्याच पायांवर तू काँक्रीट बडवतोस. नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं मैलोनमैल मातीची वाट आहे, पहाटेची रिकामी. तिथं महिना-दोन महिने नुसती चाल, मग थोडी दुडकी, मग चाल. दम असा भरतो. आणि फेरीनंतर त्याच्या जबड्याखाली, हाडाच्या आतल्या कडेला दोन बोटं टेकव. दोरीसारखी शीर हाताला लागते. पंधरा सेकंद ठोके मोज, चारनं गुण. आराम केलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44. मागं एकदा मी धरली तेव्हा गाडी थांबवून अर्धा तास झाला होता आणि नाडी 70 च्या वर होती. हिरडी अंगठ्यानं दाबली तर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागले. मानेची कातडी चिमटीत धरली ती तशीच उभी राहिली. हे तिन्ही ज्याला बघता येत नाही त्यानं घोडा जुंपू नये.

मला माहीत आहे, तुझ्यात दम आहे. हात लांब आहेत, तोल चांगला आहे, आणि जनावराजवळ जायला तू घाबरत नाहीस. म्हणून एवढं बोलतोय. नाहीतर दोन शब्दांत वाटेला लावला असता. बारामती-इंदापुरात घोड्यांचा शौक करणारी पोरं वाढली आहेत, पैसाही आहे, आणि शिकवणारे हात मात्र एकेक करून चालले. टांगे रस्त्यावरून गेले तसे टांगेवालेही गेले. साज शिवणारे, दांड्यांचा तोल बसवणारे, आवाजावर घोडा हाकणारे. त्यांचं सगळं तुमच्या हाती आलं, आणि तुम्ही त्यातला फक्त चाबूक उचललात. याचं मला फार वाईट वाटतं.

तर असं. काटेरी लगाम मी ठेवून घेतलाय, तो परत मिळणार नाही. गाडीची मोडलेली दांडी दुरुस्त करायची घाई करू नकोस; घोडा पुरा साडेचारचा होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. दीड वर्ष. तेवढ्यात बाकीचं सगळं शिकून होतं, तुझंही आणि त्याचंही. सोमवारी पशुवैद्याला बोलावून धनुर्वाताची लस दे आणि ग्लँडर्ससाठी रक्त तपासायला पाठव. तो रोग माणसालाही लागतो आणि घोड्याला त्यावर उपाय नाही, म्हणून ज्या गोठ्यात घोडा नवा आला तिथं ही तपासणी पहिली. कोंडा आजपासून हळूहळू कमी कर, एकदम तोडू नकोस. बुधवारी नालबंद येतोय. पुढचे दोन्ही नाल काढून महिनाभर तसाच ठेवू. पाय तू धरायचास, मी नाही. पहाटे साडेपाचला ये, एकटा ये, मोबाइल घरी ठेवून.